झाकली मूठ

‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण आपल्याकडे लहानपणीच कानांवर पडते. मुलीचे लग्न ठरवताना ती उपयोगी पडते, दुकान चालवताना पडते, आणि नोकरीत चार माणसे हाताखाली आली की तिच्यावाचून पान हलत नाही. ‘कोंबडे झाकले म्हणून उजाडायचे राहत नाही’ अशी दुसरीही एक म्हण आहे. गंमत अशी की, पहिली म्हण वरच्या माणसाच्या तोंडी असते आणि दुसरी खालच्या माणसांच्या. साहेब आत मूठ झाकून बसतात, आणि बाहेर बाकावर शिपाई, कारकून, मास्तर कोंबडे आरवण्याची वाट पाहत असतात.

ज्याच्या हाती कारभार आहे त्याने आपली शंका, आपले अज्ञान, आपले दुबळेपण हाताखालच्या माणसांना दिसू द्यावे की नाही, असा माझा प्रश्न आहे. दिवाळीच्या अंकात, चिवड्याच्या बशीशेजारी, तो अंमळ जड वाटेल. पण कारभारी काही मंत्रालयात आणि कारखान्यातच बसलेले नसतात. घरोघरी एक तरी असतो. ज्या घरी हा अंक उघडला आहे त्या घरीही यंदाच्या फराळाचा, कपड्यांचा, पाहुण्यांचा हिशेब कोणी तरी एकट्यानेच मनात मांडलेला असेल, आणि तो जुळला नसेल तर ते अजून कोणाला ठाऊक नसेल. अशा माणसाला आपण घरचा ‘कर्ता’ म्हणतो. वाक्यात जो क्रिया करतो त्यालाही आपण कर्ताच म्हणतो. हा शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे तो मला लागणार आहे.

ज्या गुणाविषयी मी लिहिते आहे त्याला मराठीत नेमका शब्द नाही. इंग्रजीत ‘व्हल्नरेबिलिटी’ म्हणतात, आणि त्या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधली जखम आहे. ज्याला घाव बसू शकतो, त्याची ती अवस्था. ‘हळवेपणा’ म्हणावे तर उगाच डोळ्यांत पाणी येते, ‘दुबळेपणा’ म्हणावे तर मान खाली जाते. सर्वांत जवळचा आपला शब्द मला ‘मर्म’ वाटतो. सुश्रुताने माणसाच्या शरीरात १०७ मर्मे सांगितली आहेत. घाव बसला तर माणूस जायबंदी होईल किंवा प्राणास मुकेल अशा त्या जागा. आणि ‘मर्म’ म्हणजे गोष्टीचे सारही. माणूस जिथे घायाळ होतो तिथेच त्याचे सार असते, असे कोणा पूर्वजाला वाटले असेल काय? शब्दांच्या कुळकथा लावताना भले भले विद्वान वाहवत गेले आहेत, तेव्हा मी तो मोह आवरते. कादंबऱ्या लिहिणारी म्हणून एवढेच सांगते की, ज्या पात्राला मर्म नाही त्याच्यावर वाचकाचा विश्वास बसत नाही. अर्थात वाचकाला त्या पात्राच्या हाताखाली नोकरी करायची नसते.

अलीकडे या गुणाचे मोठे कौतुक चालले आहे. ह्यूस्टन विद्यापीठातल्या ब्रेने ब्राउन या बाईंनी २०१० साली या विषयावर एक व्याख्यान दिले, ते जगभर लक्षावधी लोकांनी ऐकले. मन उघडे कसे करावे याचे धडे आता मोठ्या कंपन्यांतले साहेब लोक घेतात. धडे घेऊन ते साधत असेल तर आनंदच आहे. मला मात्र त्याचा उत्तम पाठ दीडशे वर्षांहून जुन्या एका पत्रात सापडतो.

१८६३ सालचा जुलै महिना. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेले होते. मिसिसिपी नदीवरचे व्हिक्सबर्ग हे शहर बंडखोर दक्षिणेच्या ताब्यात होते आणि ते पडल्यावाचून नदी मोकळी होणार नव्हती. ग्रँट नावाचा सेनापती कित्येक महिने त्या शहराच्या मागे लागलेला होता. अखेर त्याने आपले सैन्य नदीच्या पश्चिम काठाने शहराच्या खाली नेले, रात्रीच्या काळोखात तोफांच्या तोंडून आपली जहाजे खाली उतरवली, नदी ओलांडली आणि पाठीमागून शहर गाठले. ४ जुलैला व्हिक्सबर्ग शरण आले. राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन हे सारे दूर वॉशिंग्टनमध्ये बसून पाहत होते. नदीच्या खालच्या अंगाला गेल्यावर ग्रँटने तसेच पुढे जाऊन तिकडच्या दुसऱ्या सेनापतीला मिळावे, असे त्यांच्या मनात होते. ग्रँट उलट उत्तरेकडे वळला, तेव्हा हा चुकतो आहे अशी धास्ती त्यांना पडली होती.

१३ जुलैला लिंकननी ग्रँटला पत्र लिहिले. पत्र लहानसे आहे. आपली कधी गाठ पडल्याचे मला स्मरत नाही, असे ते सुरू होते. मग माझा अंदाज काय होता, तुम्ही काय केलेत, मला कशाची भीती वाटली, ही सगळी हकिगत येते. आणि शेवटी देशाचा राष्ट्राध्यक्ष आपल्या सेनापतीला सरळ कळवतो की, तुमचे बरोबर होते आणि माझे चूक होते.

हे पत्र लिहिण्याची लिंकनना काडीचीही गरज नव्हती. त्यांनी ग्रँटला उलटा हुकूम दिलेला नव्हता. चूक झाली होती ती मनातल्या मनात, आणि मनातच ती विरून गेली असती. मूठ झाकलेली होती आणि ती उघडा असे कोणी म्हटलेले नव्हते. मग त्यांनी ती का उघडली? सौजन्य म्हणून, असे कोणी म्हणेल. मला त्यात कारभाराची फार मोठी जाण दिसते. अभिनंदनाचे पत्र कोणीही धाडतो. या पत्राने ग्रँटच्या हाती एक लेखी हमी पडली: माझ्या मताविरुद्ध वागून तुम्ही बरोबर ठरू शकता, आणि ठरलात तर मी ते कबूल करीन. पुढच्या खेपेला शत्रूसमोर उभे असताना ग्रँटला एक डोळा वॉशिंग्टनकडे लावून बसण्याचे कारण उरले नाही.

गोष्ट इथे संपत नाही. दुसऱ्याच दिवशी, १४ जुलैला, लिंकननी आणखी एक पत्र लिहिले. हे मीड या सेनापतीला होते. गेटिसबर्गची लढाई मीडने जिंकली होती, पण हरलेला शत्रू पोटोमॅक नदी ओलांडून निसटला होता. लिंकनना अतोनात दुःख झाले होते. आपली नाराजी मीडच्या कानी गेली आहे आणि त्याने पद सोडण्याची तयारी दाखवली आहे, हेही त्यांना समजले होते. या पत्रात त्यांनी आपली व्यथा ओतली. शत्रू हाताशी होता, तो गेला. आता युद्ध किती लांबेल याचा नेम नाही. मग ते पत्र त्यांनी पाकिटात घातले आणि वर लिहून ठेवले, की हे धाडलेले नाही आणि त्यावर सही केलेली नाही. त्यांच्या कागदपत्रांत ते तसेच राहिले.

दोन दिवसांत दोन पत्रे, आणि दोन्हींत एका कर्त्या माणसाचे उघडे मन. एक टपालात पडले, एक पाकिटात राहिले. मला वाटते माझ्या प्रश्नाचे निम्मे उत्तर या निवडीत आहे. पहिल्या पत्रातल्या उघडेपणाचे ओझे लिहिणाऱ्याने स्वतः उचलले होते. दुसऱ्यातले ओझे वाचणाऱ्याच्या छातीवर पडले असते.

थोरांच्या गोष्टी वाचायला बऱ्या असतात. रोजच्या कारभारात झाकल्या मुठीने काय होते ते पाहायचे तर मोटारींच्या कारखान्यात गेले पाहिजे. २००६ साली अमेरिकेतली फोर्ड कंपनी बुडण्याच्या बेतात होती. त्या एका वर्षात तिला १२ अब्ज डॉलरांहून अधिक तोटा आला. बोइंग या विमानांच्या कंपनीतून अ‍ॅलन मुलाली नावाच्या गृहस्थांना बोलावून त्यांच्या हाती कारभार देण्यात आला. त्यांनी दर गुरुवारी सकाळी सगळ्या वरिष्ठ अधिकाऱ्यांची बैठक सुरू केली. प्रत्येकाने आपल्या कामाचा तक्ता आणायचा. काम सुरळीत असेल तर हिरवा रंग, शंका असेल तर पिवळा, अडले असेल तर तांबडा. बैठकीमागून बैठका झाल्या, तक्ते सगळे हिरवेगार. अब्जावधी डॉलर वाहून चालले आहेत आणि कागदावर श्रावण! मुलालींनी शेवटी विचारलेच, की आपल्याकडे काहीच बिघडलेले नाही काय?

आमच्या मास्तरांच्या धंद्यात एक जुनी गोष्ट सांगतात. तपासणीला साहेब यायचे असले की मुलांना आधी पढवून ठेवायचे: प्रश्न विचारला की सगळ्यांनी हात वर करायचा, येत असेल त्याने उजवा, येत नसेल त्याने डावा. साहेब पाहतात तो वर्गात हातांचे रान माजलेले. शेरा उत्तम मिळतो. गोष्ट खरी की रचलेली कोण जाणे. पण डावा हात वर करणारे मूल मला वर्गात रोज दिसते. आपल्याला येत नाही हे त्याला ठाऊक असते, आणि ते लपवायचे असते हेही ठाऊक असते. भूगोल त्याच्या डोक्यात शिरत नाही, पण ही दुसरी विद्या पक्की बसते. आणि मोठेपणी ते गुरुवारच्या बैठकीला हिरवा तक्ता घेऊन जाते.

फोर्डमध्ये एका गुरुवारी मार्क फील्ड्स या अधिकाऱ्याने तांबडा तक्ता आणला. कॅनडातल्या कारखान्यात तयार होत असलेल्या एका नव्या गाडीच्या मागच्या दारात बिघाड होता आणि त्याने ती गाडी बाहेर पाठवणे थांबवले होते. खोलीत कोणी श्वास घेईना. याची नोकरी गेली, असेच बाकीच्यांना वाटले. मुलालींनी टाळ्या वाजवल्या आणि याला मदत कोण करील म्हणून विचारले. मदत तिथल्या तिथे पुढे आली. तरीसुद्धा बाकीचे तक्ते लगेच बदलले नाहीत. फील्ड्स आपल्या खुर्चीत शाबूत आहे असे पाहिल्यावर मग हळूहळू पिवळे, तांबडे रंग दिसू लागले. वेळ लागला, हा मला या हकिगतीतला सर्वांत खरा भाग वाटतो. एका टाळीवर कोण विश्वास ठेवणार? वाजवणारा हात नंतर कुठे पडतो, हे माणसे आधी पाहून घेतात. २०१४ साली मुलाली निवृत्त झाले, तेव्हा त्यांच्या जागी बसले ते हेच फील्ड्स.

एमी एडमंडसन या अमेरिकन संशोधक बाईंनी रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या गटांचा अभ्यास केला होता. तो १९९६ साली प्रसिद्ध झाला. ज्या विभागाची प्रमुख चांगली तिथे औषधे देताना चुका कमी होत असतील, अशी त्यांची अपेक्षा होती. आकडे उलटे आले. चांगल्या विभागांत चुकांची नोंद जास्त! पुष्कळ विचार केल्यावर उलगडा झाला की, तिथे चुका जास्त होत नव्हत्या, सांगितल्या जास्त जात होत्या. हे वाचल्यापासून मी मनाशी ठरवून टाकले आहे की, ज्या वॉर्डाची चुकांची वही कोरी असेल त्या वॉर्डात माझ्या आईला ठेवायचे नाही.

आणि जिथे मूठ झाकलेलीच राहिली, तिथे काय झाले? २८ जानेवारी १९८६ रोजी ‘चॅलेंजर’ हे अमेरिकेचे अवकाशयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झाले आणि त्यातली सातही माणसे गेली. त्यांत एक शिक्षिका होती. आदल्या रात्री, रॉकेट बनवणाऱ्या कंपनीतल्या अभियंत्यांनी, थंडी फार आहे, सांध्यांतली रबरी कडी दगा देतील, म्हणून उड्डाण नको असे सांगितले होते. वरच्यांनी ते मानले नाही. पुढे चौकशीत रिचर्ड फाइनमन या शास्त्रज्ञाने एक गोष्ट उघडकीला आणली. यान कोसळण्याचा धोका किती, असे विचारल्यावर प्रत्यक्ष काम करणारे अभियंते साधारण शंभरात एक म्हणत. व्यवस्थापक मंडळी म्हणत, लाखात एक. आपल्या म्हणीतली मूठ सव्वा लाखाची असते. ही लाखाची होती. उघडली तेव्हा आत शंभर निघाले.

इथवर वाचून एखादे व्यवहारी आजोबा म्हणतील, ‘बाई, तुमचे सगळे खरे. पण वादळात नावाडीच रडायला लागला तर उतारूंनी काय करायचे?’ हा आक्षेप टाळण्यासारखा नाही. उलट, आजोबांच्या बाजूने माझ्याकडे आणखी एक दाखला आहे. २०२२ साली अमेरिकेतल्या एका छोट्या कंपनीच्या प्रमुखाने काही माणसांना कामावरून काढले, आणि मग स्वतःचा रडवेला फोटो काढून सगळ्या जगासमोर ठेवला. मला किती यातना होत आहेत पाहा, असा त्याचा भाव. लोकांनी त्याची यथेच्छ टर उडवली. त्याचे अश्रू खोटे होते असे मी म्हणत नाही. खरे असतील. पण नोकरी गेली होती दुसऱ्यांची, आणि सांत्वन मागत होता तो. ज्यांच्या घरी त्या रात्री चूल कशी पेटवायची हा प्रश्न होता, त्यांनीच याच्या पाठीवरून हात फिरवायचा होता काय?

म्हणून मी लिंकनच्या दोन पाकिटांकडे परत जाते. वरच्या माणसाने मन उघडल्यावर खालच्या माणसाचे ओझे हलके झाले की जड, एवढे पाहावे. घरच्या कर्त्यालाही हेच माप लागू पडते. कर्जाची गोष्ट बायकोला सांगितली तर दोघे मिळून दागिन्यांचा, शेताचा, मुलांच्या फीचा विचार करतात. तीच गोष्ट रात्री अंथरुणावर दहा वर्षांच्या मुलाला सांगितली, तर ते मूल उद्यापासून शाळेत पाटीचे पैसे मागायला लाजते. सत्य तेच, माणूस तोच. ऐकणारे खांदे निराळे.

नावाड्याच्या प्रश्नाचे उत्तर मला एका सेनापतीच्या चिठ्ठीत मिळाले. ५ जून १९४४. इंग्लंडच्या किनाऱ्यावर दोस्तांचे सैन्य फ्रान्सवर उतरायला सज्ज होते. मोहीम खराब हवेमुळे एक दिवस आधीच पुढे ढकललेली होती. आकाशमार्गे उतरणाऱ्या तुकड्यांची भयंकर हानी होईल, असा इशारा आयझेनहॉवर यांना त्यांच्याच एका वरिष्ठ सहकाऱ्याने दिला होता. त्या संध्याकाळी आयझेनहॉवर त्याच तुकड्यांमध्ये गेले. पोरांच्या तोंडांना काळे फासलेले, पाठीवर छत्र्या. सेनापतीने त्यांना गाव कोणते, घरी काय करता, मासे पकडता का, असल्या गोष्टी विचारल्या. त्यांच्या मनात काय चालले होते ते त्यांनी पोरांना कळू दिले नाही. आजोबांना हे पटेल, आणि मलाही पटते.

पण त्याच दिवशी त्यांनी एका कागदावर चार ओळी लिहून ठेवल्या होत्या. मोहीम फसली तर जाहीर करण्यासाठी. सैनिकांनी, विमानदळाने, आरमाराने शर्थ केली; दोष असेल तर तो एकट्या माझा, असा तिचा मतलब. मन किती अस्वस्थ होते पाहा, तारीख घालताना जूनऐवजी जुलै पडला आहे. आणि त्या कागदावर एक खाडाखोड आहे. प्रथम त्यांनी, सैन्य मागे घेण्यात आले आहे, अशा धाटणीचे वाक्य लिहिले होते. ते त्यांनी खोडले आणि केले, मी सैन्य मागे घेतले आहे.

व्याकरण शिकवणारीला ही खाडाखोड पाहून काय वाटले असेल, ते वाचकांनी समजून घ्यावे. (मराठीत ‘मी सैन्य मागे घेतले’ हाही कर्मणी प्रयोगच, असे कोणी चाणाक्ष विद्यार्थी म्हणेल. बरोबर आहे, बाळ, खाली बस. प्रयोग कोणताही असो, मी पाहते आहे तो कर्ता वाक्यात आहे की नाही ते.) आपल्या कचेऱ्यांतले कागद आठवा. ‘काम पूर्ण करण्यात येत आहे.’ ‘विलंब झाल्याचे निदर्शनास आले आहे.’ ‘अर्ज नामंजूर करण्यात आला आहे.’ येणारे, झालेले, आढळलेले सगळे आहे. करणारा कुठेच नाही. पाटावर ताट वाढलेले आहे आणि वाढणारे हात दिसत नाहीत. झाकल्या मुठीचे हे व्याकरण आहे. आयझेनहॉवर यांनी त्या रात्री पोरांपासून भीती लपवली, आणि कागदावर कर्ता लपवला नाही. मोहीम यशस्वी झाली. ती चिठ्ठी त्यांच्या खिशात राहून गेली आणि काही आठवड्यांनी त्यांच्या हाताखालच्या अधिकाऱ्याने ती मागून घेऊन जपली, म्हणून आपल्याला ठाऊक तरी आहे.

आपल्याकडे असा कर्ता दिसला तो १९७९ साली. १० ऑगस्टला श्रीहरिकोट्याहून एसएलव्ही-३ हे आपले पहिले उपग्रहवाहक रॉकेट उडाले आणि बंगालच्या उपसागरात पडले. मोहिमेची सूत्रे अब्दुल कलाम यांच्याकडे होती. कलामांनीच पुढे अनेकदा सांगितल्याप्रमाणे, उड्डाणाआधी संगणकाने थांबा म्हटले होते, आणि तज्ज्ञांचा सल्ला घेऊन त्यांनी ते ओलांडले होते. वार्ताहर वाट पाहत होते. अंतराळ संशोधन संस्थेचे प्रमुख सतीश धवन कलामांना बरोबर घेऊन त्यांच्यापुढे गेले, आणि अपयश आपल्या अंगावर घेतले. आम्ही अपयशी ठरलो, माझा माझ्या माणसांवर विश्वास आहे, पुढच्या वर्षी आम्ही यशस्वी होऊ, असे त्यांनी सांगितले. १८ जुलै १९८० रोजी रोहिणी उपग्रह कक्षेत गेला, आणि त्या दिवशी वार्ताहरांसमोर धवननी कलामांना पाठवले.

याच्या आधीची आपली मोठी गोष्ट लालबहादूर शास्त्रींची. १९५६ सालच्या नोव्हेंबरात दक्षिणेत अरियलूरजवळ आगगाडी नदीत कोसळून शंभराहून अधिक माणसे दगावली, आणि रेल्वेमंत्री शास्त्रींनी राजीनामा दिला. त्याच वर्षी आधीच्या एका अपघातानंतरही त्यांनी तो देऊ केला होता. शास्त्रींविषयी माझ्या मनात नितांत आदर आहे. तरी धवन यांनी केले ते मला अधिक अवघड वाटते. राजीनामा देणारा दुखऱ्या जागेपासून दूर होतो. धवन हरलेल्या खुर्चीत बसून राहिले आणि वर्षभर देशाला दुसऱ्यांदा तोंड दाखवण्याची तयारी करीत राहिले. अर्थात, खुर्चीत बसून राहणारे सगळेच धवन नसतात. बहुतेक नुसतेच बसून राहतात.

आता एक गोष्ट उरली, आणि तिच्याविषयी या विषयावर बोलणारे सहसा गप्प असतात. लिंकन, मुलाली, आयझेनहॉवर, धवन ही सगळी खुर्चीवर शोभणारी माणसे मानली गेली होती. त्यांनी ‘माझे चुकले’ म्हटले की लोक म्हणतात, केवढे मोठे मन! पण ज्याचे खुर्चीवर बसणेच चार जणांना खुपते आहे, त्याने काय करावे? बाई साहेब झाली आणि म्हणाली, मला माहीत नाही, तर लोक एकमेकांकडे पाहून हसतात. पिढ्यान्‌पिढ्या वेशीबाहेर ठेवलेल्या समाजातला मुलगा अधिकारी झाला आणि त्याने शंका बोलून दाखवली, तर ‘राखीव जागेवरचा’ असे पाठीमागे म्हटले जाते. न्यूझीलंडच्या पंतप्रधान जेसिंडा आर्डर्न यांनी २०२३ सालच्या जानेवारीत, माझ्यात आता पुरेशी शक्ती उरलेली नाही, असे उघड सांगून पद सोडले. पुष्कळांनी वाखाणले, आणि बायकांना हे झेपते का, असली चर्चाही लगोलग सुरू झाली. मूठ उघडण्याची किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही. ज्यांना ती स्वस्तात पडते त्यांनी आधी उघडावी, असे मला वाटते. बाकीच्यांना हिमतीचे धडे देण्याचा अधिकार त्यांना त्यानंतरच मिळेल.

तरीही उघडणारे उघडतातच. १९९३ साली पंचायतींत बायकांसाठी एक तृतीयांश जागा राखून ठेवणारी घटनादुरुस्ती अमलात आली, आणि महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या जागा त्यांच्या झाल्या. सही बाईची आणि कारभार नवऱ्याचा, हा प्रकार सर्वांना ठाऊक आहे. काही वर्षांपूर्वी सुट्टीत मी नात्यातल्या एका घरी गेले होते, तेव्हा त्या गावची ग्रामसभा ऐकायला बसले. सरपंच एक चाळिशीच्या बाई, शाळा चौथीपर्यंत. नवरा शेजारच्या खुर्चीत. ग्रामसेवकांनी नळयोजनेचा ठराव भरभर वाचला आणि कागद सहीसाठी पुढे केला. नवऱ्याने पेनाचे टोपण काढून दिले. बाईंनी पेन घेतले, आणि खाली ठेवले.

‘भाऊसाहेब, मला काय समजलं न्हाई. पुन्हा वाचा.’

नवरा हळूच म्हणाला, ‘मी सांगतो घरी.’ मागच्या बाकांवर कोणी तरी फिदीफिदी हसले. बाईंचा चेहरा लाल झाला होता, पण त्यांनी पेन उचलले नाही. ग्रामसेवकांनी पुन्हा वाचले, जरा सावकाश. वाचून होते न होते तोच मागून एक म्हातारी बोलली, ‘मला बी न्हाई समजलं. आमच्या आळीला पानी कवा यायचं, ते त्यात कुठं हाय?’ मग आणखी दोघे-तिघे. ज्यांना समजले नव्हते ते इतके निघाले की हसणारे गप्प झाले.

ग्रामसेवकांनी चष्मा पुसला आणि तिसऱ्यांदा वाचायला घेतले. या वेळी ते एका आकड्यापाशी स्वतःच थांबले, कागद डोळ्यांजवळ नेला, आणि म्हणाले, ‘थांबा हं, हे मलाही एकदा तपासून पाहावं लागेल.’